तुम्ही विचारलंत म्हणून: क्लासिकल गिटारची सुरुवात कुठून करू?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठेही भेटलं की कुणीतरी विचारतंच, "क्लासिकल गिटार शिकायचीय, सुरुवात कुठून करू?" आणि लगेच, "कुठली घेऊ?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच देते.

नायलॉनच्या तारांचीच घ्या. तारेची लांबी ६५० मिलिमीटर, खुंट्यांजवळ गळ्याची रुंदी साधारण ५२. हात लहान असेल तर ६३० किंवा ६२० लांबीची. गळा रुंद असतो तो बोटांना दोन तारांच्या मधे नीट उतरता यावं म्हणून. आणि हात जोडून सांगते, तिला स्टीलच्या तारा चढवू नका. माझ्या पहिल्या गिटारची तार तुटली तेव्हा दुकानदाराने "आवाज मोठा येईल" म्हणत स्टीलचा सेट लावून दिला. स्टीलचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो. पंधरा दिवसांत ब्रिज, म्हणजे गिटारच्या पोटावरची तारा बांधायची लाकडी पट्टी, मागच्या बाजूने उचलला गेला. फटीत पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, आत गेलं. ती गिटार पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

आता खरा प्रश्न. सुरुवात उजव्या हातापासून करा.

नवीन माणसाचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे असतं. बोटं दुखतात, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बसत नाही, फ्रेटपर्यंत (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत) करंगळी पोचत नाही. पण तुमचा आवाज उजव्या हातात आहे. डाव्या पायाखाली पाट घ्या (दोन जाड पुस्तकंही चालतात), गिटार डाव्या मांडीवर ठेवा आणि डावा हात विसरा. अंगठा खालच्या सुरांच्या तीन जाड तारांवर. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका पातळ तीन तारांवर. वह्यांमध्ये त्यांना पी, आय, एम, ए लिहितात, ती स्पॅनिश नावांची आद्याक्षरं आहेत. करंगळी मोकळी.

मग एकच मोकळी तार. ती ओढायची नाही. बोटाच्या टोकाचं मांस तारेला टेकवायचं, तार किंचित आत, लाकडाच्या दिशेने दाबायची आणि सोडायची. बाहेर ओढलीत तर ती फ्रेटवर आपटून कर्कश वाजते. आत दाबून सोडली तर गोल वाजते. हा फरक कानाला कळायला मला पाच आठवडे लागले, रोज वीस मिनिटं. एका संध्याकाळी तिसरी तार वाजली आणि पलीकडे मटार सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "आत्ता वाजली." त्यांना गिटारमधलं काही माहीत नव्हतं.

इटलीचा माऊरो जुलियानी हा गिटारवादक व्हिएन्नात राहायचा. त्याने उजव्या हातासाठी १२० धडे लिहिले आणि त्या सगळ्यांत डाव्या हाताला दोनच कॉर्ड दिले: सी आणि जी सेव्हन. बाकी सगळं काम उजव्याचं. दोनशे वर्षं झाली, अजून जगभर ते धडे घोटले जातात. मीही दिवसाची सुरुवात त्यातल्या दोन-तीन धड्यांनी करते.

नखांचं विचारतातच. उजव्या हाताची थोडी वाढवायची, बोटाच्या टोकापलीकडे दोनेक मिलिमीटर, आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या हजार नंबरच्या वॉटर पेपरवर घासून कड काचेसारखी गुळगुळीत करायची. कड खरखरीत राहिली तर तार चरचरते. कणीक मळता येते, भांडीही घासता येतात. नख तुटतं ते बरणीचं घट्ट झाकण उघडताना, तिथे डावा हात वापरा. डाव्या हाताची मात्र अगदी मांसापर्यंत कापा. नखं वाढवणं जमत नसेल तर अडून बसू नका. जुन्या काळचा स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर नखांशिवाय वाजवायचा आणि त्याचा मित्र दियोनिसियो आग्वादो नखांनी. दोघं पॅरिसमध्ये एकत्र वाजवायचे.

याच सोरचं ओपस ६० (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) महिन्याभराने उघडा. पंचवीस धडे, पहिल्यात एका वेळी एकच सूर. विकत घेताना नाव नीट पाहा, कारण कार्कासी या दुसऱ्या गिटारवादकाचंही ओपस ६० आहे आणि त्यातही पंचवीसच धडे आहेत, पण ते बरेच अवघड. माझ्या ओळखीचे दोघे चुकून तेच घेऊन बसले आणि आपल्याला संगीत जमत नाही असं ठरवून मोकळे झाले. त्यांना मी सोरची प्रत दिली. त्यातल्या एकीचा आता सातवा धडा चालू आहे.