नजर 6/6 आली म्हणे, मग रात्री दिवे का फुटतात?

दोन्ही डोळ्यांना चष्म्याचा नंबर मायनस साडेपाच, वर थोडा सिलिंडर म्हणजे तिरका नंबर. लेझर केलं, चष्मा गेला, सकाळी उठून घड्याळ दिसतं, हे सगळं खरंय. पण ज्या हॉस्पिटलात केलं तिथल्या फॉलोअपची आठवण आली की अजून डोकं तापतं.

टेस्ट पटापट झाल्या. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, पातळ निघाला, 490 मायक्रॉनच्या आसपास, म्हणून डॉक्टर म्हणाले कॉर्नियाचा पापुद्रा (फ्लॅप) कापून उचलायचं लॅसिक नको, पीआरके करू. म्हणजे कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थर काढायचा आणि लेझर थेट खाली. लेझर चालू असताना जळका वास येतो, घाबरू नका. दुखणं नंतर सुरू होतं, पहिले तीन-चार दिवस डोळ्यात कोणी तिखट टाकल्यासारखं.

आता खरी गोष्ट. पॅकेज सांगताना काउन्सेलर मॅडम म्हणाल्या होत्या, सर वीकेंडला करा, सोमवारी ऑफिस. अहो ते लॅसिकवाल्यांचं! पीआरकेत तो थर भरून यायलाच चार-पाच दिवस ते आठवडा जातो आणि नजर पूर्ण बसायला दोन-तीन महिने सहज लागतात. मी आपला सोमवारी लॅपटॉपला नाक लावून बसलेलो.

आणि फॉलोअप म्हणजे काय, तर तासभर बाहेर बसा, मग आत अंधारी खोली, समोर उजळलेला बोर्ड आणि काळी ठसठशीत अक्षरं. मी डोळे मिचकावत खालची ओळ वाचली, पण प्रत्येक अक्षराखाली त्याचीच एक फिकट सावली. तसं सांगितलं तर तपासणारी मुलगी टाइप करता करताच म्हणाली, "सर 6/6 आहे, परफेक्ट." म्हटलं अहो, पण रात्री घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे एवढे मोठे गोळे होऊन येतात की लेन दिसत नाही. तर म्हणे "होतं असं, ड्रॉप्स घाला." पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच, आणि फाईलवर दरवेळी 'तक्रार नाही'. मी तोंडाने तक्रार सांगतोय आणि कागदावर तक्रार नाही!

शेवटी डॉक्टरांनाच भेटायचं म्हणून काउंटरवर अडून बसलो तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. अंधारात बाहुली मोठी होते, लेझर केलेल्या भागाच्या कडेचा प्रकाशही आत येतो, त्यात डोळे कोरडे आणि वरचा थर अजून खडबडीत, म्हणून गोळे. बोर्डावर फक्त किती बारीक अक्षर वाचता येतं तेवढं कळतं, रात्री कसं दिसतं ते नाही. एवढंच आधी सांगायला काय जात होतं? आता गोळे बरेच कमी झालेत, उजव्या डोळ्याला थोडे आहेत.

हां, राहिलंच, स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका आणि मनाने लांबवूही नका, लांबवले तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, ते मोजून घ्या. टेस्टच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा, नाहीतर कॉर्नियाची मापं चुकतात. साडेसातच्या खालच्या नंबरला मेडिक्लेम साधारणपणे मिळत नाही, एजंट काहीही म्हणो. नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो, म्हणून पडद्याची तपासणी चालूच ठेवायची. आणि चाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच, हे मला हॉस्पिटलने नाही, ताईने सांगितलं.