पॉटरीचा क्लास शोधताना आधी फडताळ पाहिलं

शोधाशोध संपली. स्टुडिओ ठरला, नाव घातलं आणि चाकावर नियमित बसणं सुरू झालं. या नोंदीत आधी शोधाबद्दल लिहितेय आणि मग हाताच्या प्रगतीबद्दल. हात किती लवकर तयार होतो हे बरंचसं जागेवर अवलंबून असतं, असं माझं आता ठाम मत झालंय.

नकाशावर नुसतं ‘पॉटरी’ टाकलं की भांडी विकणारी दुकानं, तयार कपांवर रंगकाम करायला देणाऱ्या जागा आणि पार्टीसाठीची सत्रं असं सगळं एकत्रच समोर येतं. ‘सिरॅमिक स्टुडिओ’, ‘व्हील थ्रोइंग’ (चाकावर भांडी घडवणं), ‘भट्टी भाड्याने’ असे शब्द टाकले की यादी आखूड होते, पण कामाची होते. भट्टी भाड्याने देणारे बहुधा स्वतः काम करणारे असतात, आणि त्यांच्यातले काही जण मोजके विद्यार्थीही घेतात. त्यांची जाहिरात कुठेच नसते. कलाशाळांमधल्या सिरॅमिक विभागांचे संध्याकाळचे किंवा सुटीतले वर्ग असतात, तेही विचारून बघावेत. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी पडला तो माती आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर देणारा लेप, विकणारा. कोण दर महिन्याला पोत्यांनी माती नेतं आणि कोण शिकवतं, हे त्याला तोंडपाठ असतं.

एका दिवसाच्या सत्राला माझी ना नाही. माती हाताला आवडते का, हे कळायला तेवढं पुरतं. पण त्या दिवशी माती मध्यावर आणतात ते शिकवणाऱ्याचे हात. आपले हात त्यांच्या खाली असतात. शिकायचं असेल तर काही आठवड्यांचा कोर्सच हवा, आणि त्याचं कारण मातीतच आहे. आज चाकावर काढलेला वाडगा एक-दोन दिवसांत चामड्यासारखा घट्ट होतो, तेव्हा त्याचा तळ तासायचा. मग तो पूर्ण सुकू द्यायचा, पहिली भाजणी द्यायची म्हणजे बिस्क करायचं, ग्लेझ लावायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. एवढं सगळं एका बैठकीत होत नाही. ‘आजच घरी घेऊन जा’ असं कुणी म्हणालं तर ते भांडं भाजलेलं नाही, एवढं नक्की समजावं.

म्हणूनच स्टुडिओ बघायला गेले की मी आधी विद्यार्थ्यांच्या कामाच्या फडताळाकडे जायचे, चाकांकडे नंतर. एका ठिकाणी सगळे कप एकाच उंचीचे, एकाच ओठाचे, देखणे. नवशिक्यांचे पंधरा कप इतके सारखे कधीच येत नाहीत. त्यांना शिकवणाऱ्याचाच हात लागलेला असतो. मी जिथे नाव घातलं तिथल्या फडताळावर एक वाडगा बुटका आणि जाड, शेजारचा एका बाजूला कललेला, तिसऱ्याच्या भिंतीवर बोटांचे वळसे स्पष्ट दिसणारे. प्रत्येकाखाली नाव आणि तारखेची चिठ्ठी, आणि तासायचे बाकी असलेल्या भांड्यांवर प्लॅस्टिक नीट गुंडाळलेलं. चुकांसकट स्वतःचं काम करू देतात आणि पुढच्या आठवड्यापर्यंत ते जपतात, हे त्या फळीवरच वाचता आलं. प्लॅस्टिकची बाब बारीक वाटेल, पण भांडं आठवडाभरात पार वाळलं तर तासायची वेळ निघून जाते आणि त्या दिवशीचा धडाच बुडतो.

दुसरी चौकशी भट्टीची. भाजणी किती कोनची, भट्टी किती दिवसांनी लागते, भरतं कोण? कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका. हरमन झेगर यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये असे सुळके तयार केले आणि ती पद्धत आजही चालू आहे. सुळका नुसतं तापमान सांगत नाही, तापमान आणि वेळ मिळून मातीवर झालेलं काम सांगतो. आकड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या : कोन ०६ म्हणजे जवळपास १००० अंश सेल्सिअस, कोन ६ म्हणजे १२२० च्या आसपास आणि कोन १० म्हणजे १३०० च्या जवळ. पुढच्या एका शून्याने दोनशेहून जास्त अंशांचा फरक पडतो. कमी भाजणीची मातीची भांडी सच्छिद्र राहतात. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त उष्णतेला भाजायची माती तिच्या पूर्ण उष्णतेला भाजली की घट्ट होते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. रोजच्या वापरातले कप-वाडगे करायचे असतील तर स्टोनवेअर भाजणारा स्टुडिओ शोधावा, असं मी सुचवेन.

भट्टी उघडायची घाई करणाऱ्या जागा मी टाळल्या. मातीतल्या क्वार्ट्झची रचना ५७३ अंशांना बदलते, तापताना आणि निवतानाही. त्या टप्प्यावर भांड्याचा एक भाग लवकर थंड झाला तर तडा जातो. चांगल्या स्टुडिओत भट्टी आपसूक निवेपर्यंत कुणी झाकणाला हात लावत नाही.

तिसरी गोष्ट धुळीची. ही मी सगळ्यात गंभीरपणे घेते. वाळलेल्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. तो बरा होत नाही. त्यामुळे जमीन कोरड्या झाडूने झाडणाऱ्या स्टुडिओतून मी तशीच परत फिरले, शिकवणारे कितीही चांगले असोत. ओला स्पंज, ओलं पोछं, तासलेला चुरा ओला असतानाच बादलीत, आणि भट्टीच्या खोलीला वेगळी हवा : एवढं तरी दिसायलाच हवं.

बाकी किरकोळ चौकशा फोनवरही उरकतात. माणशी एक चाक आहे का, फीमध्ये माती, ग्लेझ आणि दोन्ही भाजण्या धरल्यात का, चुकलेला वर्ग भरून मिळतो का. वर्गाव्यतिरिक्त सरावाला वेळ मिळतो का, हे मात्र खोदून विचारा, कारण हात बसतो तो सरावाच्या तासांत. डावखुऱ्यांनी चाक उलटं फिरतं का तेही विचारावं. जपानमध्ये चाक घड्याळाच्या दिशेने फिरवायची रीत आहे, पाश्चात्त्य स्टुडिओंत बहुधा उलट. म्हणजे दिशा हा सवयीचा भाग आहे, आणि बऱ्याच विजेच्या चाकांवर ती बदलायला एक बटण असतं.

आता हाताबद्दल.

शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्या वर्गात चाकाला हातच लावू दिला नाही, फक्त मळायला लावलं. गोळा तारेने कापायचा आणि कापलेल्या बाजूला हवेची भोकं दिसेनाशी होईपर्यंत मळत राहायचं. मला ते फार आवडलं. नीट मळलेली माती चाकावर वेगळीच वागते; बोटाखाली मध्येच मऊ, मध्येच कडक लागत नाही. मग सेंटरिंग, म्हणजे गोळा चाकाच्या मध्यावर आणणं. कोपर मांडीला टेकवून घट्ट धरलं आणि जोर मनगटाने नाही, अंगाने दिला, तेव्हा गोळ्याची थरथर थांबली. माती मध्यावर आली हे डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतं : चाक फिरतंय आणि हात मात्र स्थिर.

भिंत उचलायला लागल्यापासून ताई प्रत्येकाचा सिलिंडर तारेने उभा कापून दाखवतात. कापलेल्या कडेवर सगळं उघड होतं. माझी भिंत वर पातळ आणि तळाच्या कोपऱ्यात जाड निघाली. आता मी पहिली उचल अगदी तळातून, बोट चाकाच्या पाटाला टेकवून सुरू करते, आणि परवाच्या कापात जाडी खालपासून वरपर्यंत बऱ्यापैकी सारखी आली. कापलेली माती बादलीत जाते आणि पुन्हा वापरात येते. भाजेपर्यंत काहीच वाया जात नाही, त्यामुळे भांडं राखून ठेवायचा मोह आवरणंही सोपं जातं.

तासताना तळाची जाडी कानाने ओळखायला शिकतेय. बोटाने टिचकी मारली की जाड तळ बद्द वाजतो, पातळ होत गेला की आवाज मोकळा होत जातो. आणि भांडं भट्टीला तयार आहे का हे गालाला लावून पाहायचं; गार लागलं तर आत अजून ओल आहे. ती ओल भट्टीत वाफ होऊन भांडं फोडते आणि शेजारच्यांच्या कामालाही इजा करते, म्हणून या तपासणीत कुणी सवलत मागत नाही.

पहिल्या ग्लेझ भाजणीतून आलेला वाडगा मोजून पाहिला. ओला असताना तोंड १४ सेंटिमीटर होतं, भाजून साडेबारावर आलं. स्टोनवेअर साधारण दहा ते तेरा टक्के आकसतं, त्यातच हे बसतं. ग्लेझ तळाशी जरा जाड उतरलंय, पण पायाची कडा पुसून घेतली होती, त्यामुळे भट्टीच्या फळीला चिकटलं नाही.

पुढचं काम झाकणाची बरणी. बरणी आणि झाकण एकाच मातीतून, एकाच बैठकीत काढायचं, ओलं असतानाच कॅलिपरने मापं जुळवायची आणि झाकण बरणीवर ठेवूनच दोन्ही सुकवायचं, म्हणजे आकसताना बरोबर आकसतील. स्टुडिओचा कॅलिपर एकच आहे आणि त्याला नेहमी रांग असते, म्हणून स्वतःचा घेतलाय. येत्या सरावाला बरणी काढतेय.