डीफोचं एक वाक्य

डॅनिअल डीफोने एडिंबरातून रॉबर्ट हार्लीला पाठवलेल्या गुप्त पत्रांचा अनुवाद चालू होता. त्या दिवशी समोर होतं २६ नोव्हेंबर १७०६चं पत्र. त्याची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी यायला अजून तेरा वर्षं होती. इंग्लंड-स्कॉटलंडच्या एकीकरणाचा करार स्कॉटिश पार्लमेंटात चर्चेला होता आणि इंग्लंडचा मंत्री हार्लीने डीफोला तिथे हेर म्हणून धाडलं होतं. महिनाभरापूर्वीच ढोल वाजवत, ‘एकीकरण नको’ ओरडत जमाव हाय स्ट्रीटवर उतरला होता. हा हेर आहे हे कळतं, तर लोकांनी त्याला फाडून खाल्लं असतं, असं कराराच्या बाजूच्या जॉन क्लर्कनेच पुढे लिहून ठेवलंय.

पत्रात डीफो आपली सोंगं सांगतो. व्यापाऱ्यांपुढे जहाजं बांधायचा बेत. वकिलांपुढे घर-जमीन घेऊन बायकामुलांना आणायची बोलणी. ग्लासगोकरांसाठी मासळीचा व्यापारी, ॲबरडीनकरांसाठी लोकरीचा. आज पार्लमेंटच्या एका सभासदाबरोबर काचेच्या कारखान्यात भागी, उद्या दुसऱ्याबरोबर मिठात. इथे मी आधी ‘मिठागर’ लिहिलं, ते चुकलं. मिठागर म्हटलं की आपल्याला उरण-पेणचं ऊन दिसतं. स्कॉटलंडात समुद्राचं पाणी लोखंडी कढयांत, खाली दगडी कोळसा पेटवून आटवत. म्हणून ‘मिठाची भट्टी’ केलं. मिठावरच्या कराचा वाद तेव्हा पार्लमेंटात पेटलेला होता, त्यामुळे या सोंगाने थेट त्याच विषयात शिरता येई.

सोंगं वठली, कारण धंदा त्याच्या अंगात होता. मोज्यांचा व्यापार, टिलबरीची कौल-विटांची भट्टी, १६९२मध्ये सतरा हजार पौंडांचं दिवाळं, सगळं भोगलेलं. अडायचं ते पैशापाशी आणि हार्लीच्या मौनापाशी. पत्रांमागून पत्रं जात, सूचना मात्र क्वचित येत.

सोंगांच्या यादीचं शेवटचं वाक्य मी ‘ज्याच्या त्याच्या तालावर नाचतो, म्हणजे काहीजण गळाला लागतात’ असं केलं होतं. वाचताना लबाडाचा सूर लागला आणि तो मूळात नव्हता. बायबल उघडलं: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ९, वचन २२. शब्द प्रेषित पौलाचे होते. डीफो न्यूइंग्टन ग्रीनच्या ज्या शाळेत शिकला, तिथे ख्रिस्ती पाळक घडत. घरच्यांनी त्यालाही पाळकच करायचं ठरवलं होतं. हेरगिरीचा हिशेब देताना त्याने प्रेषिताची भाषा उचलली, आणि मला वाटतं, मनापासून उचलली. तालावर नाचणं खोडलं आणि लिहिलं: ‘काहींना तरी मिळवावं म्हणून मी सर्वांना सर्व काही झालो आहे.’