24 पिनांची वायर, 6 पिनांचं बोर्ड

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा नवा एसएमपीएस घेतला, तर डबा उघडला म्हणून माल परत घेणार नाही म्हणे. डबा न उघडता त्याच्या केबलच्या पिना मोजायच्या कशा, हे नवी पेठेतल्या त्या दुकानदाराला मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं नुसता टेबलफॅन माझ्याकडं फिरवला.

चादरींच्या हिशेबाचा आमचा कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉप. मे महिन्यात लाइट ये-जा करून त्याचा एसएमपीएस गेला. नवा 450 वॉटचा आणला, चार स्क्रू, जुना बाहेर, नवा आत.

आणि मग मदरबोर्डाकडं, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाकडं, बघतच बसलो. हातात 24 पिनांचा रुंद जबडा, बोर्डावर इवलंसं 6 पिनांचं सॉकेट. कॅबिनेट उचलून रिक्षानं परत नवी पेठ. दुकानातला पोरगा म्हणाला, "बसतंय की ओ!" आणि ग्राफिक्स कार्डाची 6 पिनांची केबल दाबायला लागला. मी त्याचा हातच धरला. त्या केबलमध्ये नुसते 12 व्होल्ट आणि ग्राउंड. बोर्डाच्या 6 पिनांत मशीन चालू करायचा सिग्नलही असतो. तिथं 12 व्होल्ट घुसले असते म्हणजे बोर्डाचंही क्रियाकर्म.

घरी जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरवर टॉर्च मारला. 5 आणि 3.3 व्होल्टचा पत्ताच नाही, सगळा कारभार 12 वर. बाकीचे व्होल्ट बोर्ड त्यातूनच स्वतः करून घेतं. बाजारातल्या एटीएक्सचा, म्हणजे नेहमीच्या मापाच्या एसएमपीएसचा, स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) 5 व्होल्टचा, माझ्या बोर्डाला तोही 12 चा हवा. म्हणजे वायरीला वायर जोडून भागणार नाही, मध्ये छोटं सर्किट असलेला कन्व्हर्टरच लागतो. तो ऑनलाइन मागवला, आठ दिवस लागले. तोवर हिशेब वहीत. वडील खूश: "बघ, वहीला पिना नसतात."

प्रोसेसरला वीज देणाऱ्या 4 पिनांच्या सॉकेटचं मात्र काही अडलं नाही. नव्याची 8 पिनांची केबल 4+4 अशी सुटते, अर्धी बसली. 6+2 सुटणारी असेल तर ती ग्राफिक्सची, प्रोसेसरला लावायची नाही. दिसायला सख्ख्या बहिणी, पण 12 व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना. मेहुण्याकडच्या जुन्या 20 पिनांच्या बोर्डाला तर हाच एसएमपीएस सरळ बसला असता, 24 तल्या 4 पिना सुट्या होतात.

कन्व्हर्टर लावला, बटण दाबलं, पंखा फिरला. मी पाणी प्यायलो.

काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आणि जुना एसएमपीएस पिशवीत घालून दुकानात न्या. माझा आता माळ्यावर आहे, स्टिकरसकट. भंगारवाल्याला देत नाही.