मुंबईच्या माणसाला खासदार करणारा बॅटरसी

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर बॅटरसी नावाचा मतदारसंघ आहे. मी तिथे राहते आणि तिथेच मतदान करते, तेही भारतीय पासपोर्टवर. गावी हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं, नागरिकत्व घेतलंस की काय?" नाही घेतलं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहतात, त्यांना इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. शिक्षणासाठी आलेल्यांना येतं, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनाही येतं. 4 जुलै 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत इथे पहिल्यांदाच फोटो असलेलं ओळखपत्र दाखवणं सक्तीचं होतं, आणि त्यासाठी चालणाऱ्या कागदपत्रांत भारतीय पासपोर्टही होता. टेबलामागच्या बाईंनी माझा निळा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, यादीतल्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते, तिने हव्या त्या नावासमोर फुली मारायची आणि कागदाची घडी करून पेटीत टाकायची. सकाळी 7 ते रात्री 10 मतदान चालतं आणि पेट्या त्याच रात्री उघडतात.

पण मला सांगायचंय ते या मतदारसंघाबद्दल. आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की शंभर वर्षांपूर्वी याच बॅटरसीने मुंबईत जन्मलेल्या एका माणसाला दोनदा संसदेत पाठवलं होतं. ते घडलं त्यात त्या माणसाचं कर्तृत्व होतंच, पण नकाशावर ओढलेल्या एका रेषेचाही मोठा वाटा होता.

बॅटरसीला स्वतःचा खासदार मिळाला 1885 साली. त्याआधी हा सगळा भाग सरे परगण्याच्या मोठ्या मतदारसंघात मोडायचा. नदीकाठी रेल्वेची यार्डं, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा कारखाना आणि धातू वितळवायच्या मुशी बनवणारी मॉर्गन क्रुसिबल कंपनी. पहिले खासदार ऑक्टेव्हियस वॉन मॉर्गन याच मॉर्गन घराण्यातले, उदारमतवादी पक्षाचे. म्हणजे सुरुवात कारखानदारापासून झाली. 1892 मध्ये त्यांच्या जागी जॉन बर्न्स आले. हा इंजिनियरिंग कामगार, 1889 च्या गोदी कामगारांच्या संपातला पुढारी. पुढे ते मंत्रिमंडळात गेले आणि ऑगस्ट 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पुकारलं गेलं तेव्हा त्याला विरोध म्हणून त्यांनी राजीनामा दिला. खासदार मात्र 1918 पर्यंत राहिले.

बर्न्स यांच्या काळातलं बॅटरसी आजही पायी फिरून पाहता येतं. लॅचमियर इस्टेट नावाची कामगारांची वसाहत आहे, 1903 ची. नगरपालिकेने ती कंत्राटदाराला न देता स्वतःची माणसं लावून बांधली. लाल-पिवळ्या विटांची बुटकी, नीटस घरं. रस्त्यांची नावं वाचत गेलं की त्या काळचं राजकारण समोर उभं राहतं: रिफॉर्म स्ट्रीट, फ्रीडम स्ट्रीट, बर्न्स रोड. एक जूबर्ट स्ट्रीटही आहे. जूबर्ट हे बोअर सेनापती, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश फौजेविरुद्ध लढलेले. ते युद्ध नुकतंच संपलेलं, तोच लंडनच्या एका नगरपालिकेने आपल्या रस्त्याला शत्रूच्या सेनापतीचं नाव दिलं! साम्राज्याच्या ऐन राजधानीत राहून साम्राज्याला विरोध करण्याची धमक या वस्तीत होती. 1913 मध्ये याच बॅटरसीने जॉन आर्चर यांना महापौर केलं. आर्चर कृष्णवर्णीय होते, वडील बार्बाडोसचे.

1918 ला दोन गोष्टी एकदम झाल्या. 21 वर्षांवरच्या जवळपास सगळ्या पुरुषांना आणि 30 वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि मतदारसंघांची फेररचना झाली. बॅटरसीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले. नकाशात ही रेषा साधी दिसते, पण जमीन पाहिली की तिचा अर्थ कळतो. नदीलगतचा उत्तरेचा भाग सखल आहे. तिथे धूर, रेल्वेचे रूळ, दाटीवाटीची भाड्याची घरं. दक्षिणेकडे चढ लागतो आणि वर क्लॅपम कॉमन, वॉन्ड्सवर्थ कॉमन अशी मोठी हिरवी मैदानं येतात. त्यांच्या कडेने सुखवस्तू लोकांची घरं. रेषेने गरिबी एका बाजूला ठेवली, ऐपत दुसऱ्या बाजूला. दक्षिणेत 1918 पासून अकरा वर्षं हुजूर पक्षाचा एक व्हायकाउंट, म्हणजे सरदार घराण्यातला माणूस, निवडून येत राहिला. उत्तरेत मजूर पक्षाने पहिल्याच निवडणुकीत शार्लट डेस्पार्ड यांना उभं केलं. वय 74, स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या, बॅटरसीतल्याच नाइन एल्म्सच्या गरीब वस्तीत अनेक वर्षं राहून काम केलेल्या. त्या हरल्या.

1922 ला त्याच उत्तर बॅटरसीत मजूर पक्षाचे उमेदवार होते शापूरजी सकलातवाला. जन्म मुंबईचा, 1874 चा. आई जेरबाई ही जमशेदजी टाटांची बहीण. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या कामाला सकलातवालांनी हातभार लावला होता, आणि गिरणी कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या त्या तेव्हाच. 1905 मध्ये ते इंग्लंडला आले, टाटांच्याच कामासाठी. इथे हळूहळू समाजवादी झाले आणि मग कम्युनिस्ट. तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचा सभासद मजूर पक्षाच्या तिकिटावर उभा राहू शकत असे. त्यांच्या निवडणुकीची सगळी व्यवस्था पाहणारे प्रतिनिधी होते तेच माजी महापौर जॉन आर्चर. एक मुंबईचा पारशी, एक बार्बाडोसच्या खलाशाचा मुलगा, आणि दोघे मिळून दार ठोठावत फिरतायत गोऱ्या रेल्वे कामगारांच्या चाळवजा घरांची. मला या मतदारसंघाच्या साऱ्या इतिहासात याहून मोठं दृश्य दिसत नाही. सकलातवाला 2,000 हून जास्त मतांनी जिंकले.

पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली आणि ते 186 मतांनी पडले. 1924 ला तिसरी निवडणूक. आता मजूर पक्षाने कम्युनिस्टांना तिकीट द्यायचं थांबवलं होतं, म्हणून ते उघडपणे कम्युनिस्ट म्हणूनच उभे राहिले आणि 542 मतांनी निवडून आले. पक्षाने दार लावलं तरी स्थानिक कार्यकर्ते त्यांच्या मागे राहिले आणि त्यांच्याविरुद्ध मजूर उमेदवारच दिला गेला नाही. 1925 मध्ये ब्रिटिश खासदारांच्या शिष्टमंडळातून ते वॉशिंग्टनला जाणार होते, तर अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला. 1926 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हाइड पार्कमधल्या भाषणाबद्दल दोन महिन्यांची कैद झाली. 1927 मध्ये ते भारतात आले, गांधीजींशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला आणि त्यानंतर त्यांना भारतात पाऊल ठेवायला बंदी झाली. मायदेशात जायची मनाई आणि परमुलखात लोकप्रतिनिधी, अशी त्यांची अवस्था होती. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ते हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यावर बोलायचे आणि बॅटरसीच्या घरभाड्यावरही, आणि दोन्ही एकाच लढ्याचे भाग आहेत असं निक्षून सांगायचे. 1929 मध्ये मजूर पक्षाने त्यांच्यासमोर स्वतःचा उमेदवार दिला आणि ते तिसऱ्या क्रमांकावर गेले.

दादाभाई नौरोजी 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या 5 मतांनी जिंकले, हे आपण शाळेत शिकतो. 1895 ला बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून हुजूर पक्षाचे मंचरजी भावनगरी आले. ते ब्रिटिश राजवटीचे पाठीराखे, त्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण सकलातवालांचं नाव का मागे पडावं, हे मला कळत नाही. तिघांत मजुरांचा प्रतिनिधी हा एकच.

नंतरचा काळ भराभर सांगते. 1946 च्या पोटनिवडणुकीत उत्तर बॅटरसीतून मजूर पक्षाचे डग्लस जे (Jay) निवडून आले आणि तब्बल 37 वर्षं खासदार राहिले. 1965 मध्ये बॅटरसीची स्वतंत्र नगरपालिका वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झाली. लोकसंख्या घटली होती, दोन जागांइतके मतदार उरले नव्हते. 1983 ला उत्तर आणि दक्षिण पुन्हा जोडून एकच बॅटरसी केला. त्याच वर्षी नदीकाठचं चार धुराड्यांचं वीजकेंद्रही कायमचं बंद पडलं.

रेषा पुसल्यावर काय झालं ते निकालांत दिसतं. सखल भाग आणि चढावरचा भाग एकाच पेटीत मत टाकू लागले आणि जागा डळमळीत झाली. 1983 ला मजूर पक्षाचे आल्फ डब्ज जिंकले. 1939 मध्ये नाझींपासून वाचवण्यासाठी ज्यू मुलांना घेऊन प्रागहून निघालेल्या गाडीने ते लहानपणी इंग्लंडला पोहोचले होते. 1987 ला ते हुजूर पक्षाच्या जॉन बोविस यांच्याकडून 857 मतांनी हरले. 1997 ला मार्टिन लिंटन यांनी जागा परत घेतली आणि 2005 मध्ये ती 163 मतांनी कशीबशी राखली. 2010 ला पुन्हा हुजूर पक्ष, जेन एलिसन. 1987 पासून 2015 पर्यंत ज्याचं सरकार त्याचाच बॅटरसीत खासदार, असा नेमच पडला होता. 2017 ला तो मोडला. त्याच्या आदल्या वर्षी युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या सार्वमतात वॉन्ड्सवर्थच्या तीन-चतुर्थांश मतदारांनी राहायच्या बाजूने कौल दिला होता. 2017 मध्ये मजूर पक्षाच्या मार्शा डी कॉर्डोवा आल्या आणि 2024 लाही त्याच निवडून आल्या. कॅरिबियन मूळ आणि जन्मापासून अधू दृष्टी असलेल्या या बाई आर्चर आणि सकलातवालांच्या वस्तीतून संसदेत गेल्या, याचा मला मनापासून आनंद आहे.

वस्ती मात्र ओळखू येणार नाही इतकी बदलली. वीजकेंद्रात 2022 पासून दुकानं आणि कचेऱ्या आहेत. नाइन एल्म्समध्ये काचेचे उंच मनोरे उभे राहिले, आणि त्यांच्यामध्ये अमेरिकेचा दूतावास, 2018 चा. ज्या अमेरिकेने सकलातवालांचा व्हिसा रद्द केला, तिच्या व्हिसासाठी आज लंडनचे लोक त्यांच्याच जुन्या मतदारसंघात रांग लावतात.

आता सीमा कशा ठरतात ते, कारण ते आपल्याशी थेट जोडलेलं आहे. इथे हे काम सीमा आयोगाकडे असतं. 2024 साठीच्या फेररचनेत सरासरी धरली 73,393 मतदारांची, आणि थोडी बेटं सोडली तर प्रत्येक मतदारसंघ 69,724 ते 77,062 यांच्या मध्ये बसवायचा होता. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका जागेला सरासरी तीन लाखांहून जास्त मतदार येतात, म्हणजे इथला खासदार आपल्या आमदाराच्या चौथ्या हिश्श्याइतक्या लोकांचा. त्यामुळे त्याला पत्र लिहिलं तर उत्तर येतं, भेट मागितली तर मिळते.

आपल्याकडे जनगणनेतली लोकसंख्या धरून मतदारसंघ आखतात. इथे नोंदलेले मतदार मोजतात. 2024 च्या नकाशासाठी 2 मार्च 2020 ची मतदार यादी धरली होती. त्या दिवशी जो यादीत नव्हता, तो रेषा ओढणाऱ्याच्या लेखी तिथे राहतच नव्हता, मग तो घरपट्टी भरत असो की मुलांना तिथल्याच शाळेत पाठवत असो. भाड्याच्या घरांत राहणारे, वरचेवर पत्ता बदलणारे, परदेशातून आलेले लोकच यादीतून जास्त गळतात. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी अजून नाव घातलेलं नाही. बहुतेकांना आपल्याला हक्क आहे हेच माहीत नसतं. काहींना वाटतं की पाहुण्याने यजमानाच्या घरात तोंड घालू नये. सकलातवालांना असं वाटलं नाही, आणि बॅटरसीच्या कामगारांनाही नाही.

पुढच्या फेररचनेचा अहवाल ऑक्टोबर 2031 पर्यंत यायचा आहे. तुमच्या घरातलं कुणी इथे शिकायला किंवा नोकरीला येत असेल, तर पहिल्या महिन्याच्या कामांत बँक खातं आणि डॉक्टरकडे नोंदणी यांच्याबरोबर मतदार यादीही लिहून द्या. अर्ज ऑनलाइन होतो: नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि मिळाला असेल तर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (नोकरी आणि करासाठी इथे मिळतो तो). पैसे पडत नाहीत. यादीत नाव असलं की फोनच्या करारासाठी किंवा कर्जासाठी पत घासून पाहतात तेव्हाही उपयोग होतो. घर बदललं तर नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदवावं लागतं, आणि मुलं नेमकं तेच विसरतात, तेव्हा दिवाळीच्या फोनवर एकदा आठवण करा.