कॅसेटची पेटी : पाचव्या महिन्याचा हिशेब

आजोबांच्या पेटीत 112 कॅसेटी निघाल्या होत्या. आजवर 47 संगणकात उतरल्या, 6 कायमच्या गेल्या, बाकी रांगेत आहेत. मे महिना जवळपास वायाच गेला. आर्वीकडच्या उन्हात पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते, अन् तापलेली रीळ डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालायची हिंमत होत नाही. गेलेल्या सहापैकी चार सी-90, म्हणजे नव्वद मिनिटांच्या, होत्या. सी-60ची रीळ साधारण 18 मायक्रॉन जाड असते, सी-90ची 12 च्या आसपास. आजोबांनी पैसे वाचवायला सी-90 घेतल्या, त्याचे चटके आता मला.

या महिन्याचं मोठं काम डेकचा बेल्ट. जुना वितळून डांबर झाला होता. स्पिरिटनं पुली पुसण्यात अख्खी संध्याकाळ गेली, बोटं दोन दिवस काळी, बायकोनं कणकेला हात लावू दिला नाही. दोऱ्यानं माप घेऊन नागपूरला बर्डीवरून नवा आणला. बसवल्यावर 3000 हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावली, तर संगणक 3070 दाखवतो! भजनी मंडळ घाईत असल्यासारखं वाटत होतं ते यामुळंच. मोटारीच्या पाठीमागच्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर घालून केसभर फिरवलं, 3004 वर सोडलं.

आता ॲझिमथ, म्हणजे रिळेवरचा आवाज वाचणाऱ्या हेडचा कोन. ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड तिरकं असेल, तर आपलं हेडही तितकंच तिरकं करावं लागतं, नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. माझी युक्ती खंजिरीची. आमच्याकडं तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळं खंजिरी घरोघरी. तिच्या चकत्यांचा छनछनाट ऐकत हेडचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. चकती न् चकती सुटी ऐकू आली की हात थांबवायचा. एका यंत्रावर भरलेल्या कॅसेटी एकत्र ठेवल्या, तर दरवेळी स्क्रूला हात लावावा लागत नाही.

सगळ्यात मजेशीर निघाली ती क्रमांक 38. वर सिनेगीतांची छापील चिठ्ठी, आत पोळ्याच्या रात्रीचं भजन. विकत घेतलेल्या कॅसेटवर चुकून काही भरू नये म्हणून वरच्या कडेची टोपणं तोडलेली असतात. आजोबांनी त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला होता. चिमट्यानं काढून उलगडला, तर कापसाची काटापावती, डिसेंबर 1993 ची. म्हणजे भजन त्यानंतरचं. शेजारच्या काकाजींना ऐकवलं. ते कान लावून बसले, मग एकदम, "अबे, हा त माया आवाज हाय!"

मुलीसाठी एक सिनेमा दोन वर्षांमागं ॲपवर पूर्ण पैसे मोजून 'विकत' घेतला होता. यादीत अजून दिसतो, दाबला की 'उपलब्ध नाही'. अटी वाचल्या तेव्हा कळलं, आपण घेतला तो फक्त बघण्याचा परवाना. बेल्ट तुटला असता तर बदलला असता, इथं उघडायला डबीच नाही. नव्या गाण्यांसाठी वर्गणी मी भरतोच, नाहीतर घरात राहता येणार नाही. पण तोच सिनेमा डीव्हीडीवर जुन्या बाजारात मिळाला, आता लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो.

सीडी-डीव्हीडीच्या चकत्या म्हटलं की सगळ्या सारख्या नव्हेत, हे मात्र मला महागात पडून कळलं. 2006 साली घरी बर्न केलेल्या सीडींपैकी निम्म्या उघडत नाहीत. त्यात माहिती रंगाच्या थरात असते, उष्णतेनं नि उजेडानं तो बिघडतो. कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे साच्यातूनच उठतात, तशा माझ्या सगळ्या चालल्या. एवढ्या वर्षांत मी सर्वांत जास्त भरवसा त्या बर्न केलेल्यांवरच ठेवला होता!

पुढं कॅसेट क्रमांक 48, दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची. डबी चिकटवलेली, स्क्रू नाहीत, आत पांढरी बुरशी. रीळ हलवायला पाच स्क्रूंची रिकामी डबी बाजूला काढून ठेवली आहे. कडेला ब्लेड चालवून उघडीन, पण पाऊस उघडल्यावर.