सहा की आठ

स्मरणिका समितीच्या पत्रात ‘शाळेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात’ असं म्हटलं आहे. प्रार्थना, मैदान, स्नेहसंमेलन, फाटकाबाहेरचे शेंगदाणे यांवर इतर जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी फक्त वर्कशॉपच्या सरांवर लिहिणार आहे. त्यांचं नाव देत नाही. ज्यांच्या हाती ही स्मरणिका पडेल त्यांना ते सांगावं लागत नाही. आणि सरांवर लिहायचं म्हणजे वर्कशॉपमधल्या छोट्या वाफेच्या इंजिनावर लिहायचं. कानस कशी धरावी इथपासून हिशेब कसा करावा इथपर्यंत सरांनी जे शिकवलं, ते सगळं त्या एका इंजिनात होतं.

त्या इंजिनाचा नकाशा आठवत असेलच. जुन्या इंग्रजी आराखड्याची अमोनिया प्रिंट, खिडकीशेजारच्या भिंतीवर टाचलेली. अमोनिया प्रिंटला उजेड सोसत नाही. रेषा फिकट होत जातात आणि सगळ्यात आधी उडतात ते बारीक टाकाने लिहिलेले आकडे. मापं मुळात इंचांत, त्यावर कुणीतरी पेन्सिलीने मिलिमीटर चढवलेले, तेही अर्ध्यावर सोडून दिलेले. स्क्रूचे आटे बी.ए., म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. एके ठिकाणी नुसतं ‘एस. सोल्डर’. आणि कागदाची घडी नेमकी पोर्टच्या, म्हणजे वाफेच्या ये-जा करण्याच्या भोकांच्या, तपशिलावरून गेलेली, त्यामुळे दोन भोकांमधलं अंतर ६ आहे की ८, हे भिंग घेऊनही ठरत नसे.

सरांना भिंगाचं प्रेम नव्हतंच. माप दिसत नसेल तर आधी त्याची जात ओळखा, असं त्यांचं म्हणणं. काही मापं आवडीची असतात. फ्लायव्हील ६५ मिलिमीटरचं की ७५ चं, याने इंजिन अडत नाही. वजन कडेला असलं की झालं. काही मापं जोडीची असतात, जसं सिलिंडरचं भोक आणि पिस्टन. तिथे नकाशातला आकडा गौण. आधी भोक रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने, पूर्ण करायचं आणि मग त्यात बसेल असा पिस्टन खरादायचा, उलट कधीही नाही. रीमरचं माप ठरलेलं असतं, पिस्टन मात्र लेथवर हवा तेवढा उतरवता येतो. आट्यांचंही तसंच. टॅप आणि स्क्रू एका जातीचे असले की पुरे, म्हणून बी.ए. सोडून सरळ मिलिमीटरमधले एम ३ आणि एम ४. तिसऱ्या जातीची मापं भूमितीतून येतात. ती वाचायची नसतातच, काढायची असतात. ६ की ८ हा प्रश्न या तिसऱ्या जातीतला.

आपलं इंजिन डुलत्या सिलिंडरचं, एकाच बाजूने वाफ घेणारं. वेगळा व्हॉल्व्ह नाही. सिलिंडर पिव्हटभोवती, म्हणजे एका खिळीभोवती, डुलतो. त्याच्या सपाट पाठीवरचं एक भोक समोरच्या उभ्या ठोकळ्यावरच्या दोन भोकांवर आलटून पालटून येतं. एकातून वाफ आत, दुसऱ्यातून बाहेर. नकाशात धड वाचता येणारे आकडे तीन होते: क्रँकची त्रिज्या १० मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) २०; पिव्हटपासून क्रँकच्या केंद्रापर्यंत ५०; पिव्हटपासून सिलिंडरच्या पाठीवरच्या भोकापर्यंत १५. सर फळ्यावर काटकोन त्रिकोण काढत. पिस्टनचा दांडा क्रँकच्या वर्तुळाला स्पर्शिका होतो तेव्हा सिलिंडर सर्वांत जास्त कलतो. त्या कोनाचं साइन १० भागिले ५०, म्हणजे ०.२. पिव्हटपासून १५ मिलिमीटरवर असलेलं भोक त्या वेळी मधल्या रेषेपासून १५ गुणिले ०.२, म्हणजे ३ मिलिमीटर सरकलेलं असतं. डावीकडे ३, उजवीकडे ३. भोकांमधलं अंतर ६. घडीखाली काय लिहिलंय याला मग अर्थ उरत नाही.

पण सर उत्तरावर थांबू देत नसत. ८ धरलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही काढायला लावत. त्यासाठी भोकाचा व्यास हवा. तो ३ पेक्षा कमीच पाहिजे; जास्त झाला तर मृतबिंदूवर, म्हणजे पिस्टन टोकाला जाऊन परत फिरतो तिथे, सिलिंडरच्या पाठीवरचं भोक दोन्ही पोर्टना एकदम शिवतं, वाफ आत आल्या आल्या बाहेर जाते, इंजिन नुसतं फुसफुसतं आणि जागचं हलत नाही. २.५ घेतलं की दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर झाकलेला राहतो आणि वरच्या मृतबिंदूपासून क्रँक सात-आठ अंश फिरली की वाफ आत येऊ लागते. आता हेच २.५ चं भोक ८ च्या अंतरावर ठेवा. पोर्ट उघडायलाच क्रँकला चोवीसएक अंश जावं लागतं, आणि सिलिंडर पूर्ण कलला तरी भोकावर भोक येत नाही, १ मिलिमीटर बाजूलाच राहतं. असं इंजिन पंपाच्या हवेवर मोकळं फिरेल आणि लोक टाळ्याही वाजवतील. दोरीने एखादं वजन उचलायला लावा, लगेच बसेल.

एवढं करूनही ६ हा आकडा ठोकळ्यावर आखायला परवानगी नव्हती. कागदावरचं ५० प्रत्यक्षात ४९.६ झालेलं असू शकतं. म्हणून पट्टीचा जिग, म्हणजे ड्रिलला जागा दाखवणारा साचा. पितळेची ३ मिलिमीटर जाडीची पट्टी. मध्ये पिव्हटसाठी ४ चं भोक, एका बाजूला १५ वर २.५ चं भोक, दुसऱ्या बाजूला लांब खाच. पट्टी पिव्हटवर चढवायची, खाचेत क्रँकपिन अडकवायची आणि क्रँक फिरवायची. पट्टी डावीकडे जास्तीत जास्त कलली की तिथेच क्लॅम्प लावून २.५ च्या भोकातून ड्रिल घालायचं, मग उजवीकडे तसंच. अंतर जे काय यायचं ते येतं आणि त्या इंजिनापुरतं तेच बरोबर असतं. पथ्य दोनच. खाच, पिव्हट आणि भोक एका रेषेत हवेत, नाहीतर एक पोर्ट जवळ आणि दुसरा लांब पडतो. आणि ड्रिल स्टँडवरचंच. हातड्रिलने भोक तिरपं जातं.

याच कारणाने पिव्हटचं भोक सरांच्या देखत पडायचं. पिव्हट काटकोनात नसेल तर सिलिंडर एका बाजूला कलताना पृष्ठभाग उचलला जातो आणि दर फेऱ्याला त्याच जागी एक फुस्स ऐकू येतं. सतत फुसफुस असेल तर दोष वेगळा: पृष्ठभाग सपाट नाहीत किंवा स्प्रिंग ढिली आहे. सपाट करायला जाड काच, तिच्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६०० चा, थोडं तेल, आणि आठाच्या आकारात घासणं. पिव्हटभोवतीचा भाग किंचित खोलगट ठेवायचा, म्हणजे टेकतो तो फक्त पोर्टांकडचा भाग. स्प्रिंग आवळून फुसफुस बंद करणाऱ्याला सर सगळं परत सोडायला लावत, कारण आवळलेली स्प्रिंग गळती झाकते आणि इंजिनाचा जोर घर्षणात घालवते. नीट जमलेलं इंजिन तोंडाने फुंकलं तरी फिरतं, हीच त्यांची परीक्षा. लेखी परीक्षेत ते सगळ्यांना पास करत.

धातूंबद्दल नकाशा जवळजवळ मुका होता, सगळीकडे पितळ. पितळेच्या सिलिंडरमध्ये पितळेचाच पिस्टन घातला तर तेल जरा कमी पडताच दोन्ही एकमेकांना चावतात. म्हणून सिलिंडर गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा), १२ मिलिमीटर भोकाचा, ३५ लांबीचा, आणि पिस्टन स्टेनलेसचा, त्यावर २ बाय २ ची खाच आणि खाचेत ग्रॅफाइट लावलेला दोरा. अॅल्युमिनियम हलकं म्हणून मोह होतो, पण तापल्यावर ते गनमेटलपेक्षा जास्त फुगतं आणि पिस्टन अडकतो. पोलाद कमी फुगतं, म्हणून चालतं. दोरा ठासून भरू नये. पिस्टन स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकला पाहिजे.

बैठकीच्या पाट्याची जाडीही नकाशात नव्हती, आणि इथे सरांना डभोई लाइन आठवायची. गायकवाडांची मियागाम-डभोई रेल्वे १८६२ साली सुरू झाली ती बैलांनी ओढलेली. रूळ इंजिनाचं वजन पेलणारे नव्हते. नियमित इंजिनं धावू लागली ती १८७३ पासून, भक्कम रूळ पडल्यावर. तेव्हा पाटा ६ मिलिमीटरचा, लोखंडी, वाद नाही.

बॉयलरच्या बाबतीत मात्र सर अंदाज चालू देत नसत. तांब्याची नळी, ५० मिलिमीटर व्यास, १५० लांबी, १.२ जाडी. दोन्ही टोकांच्या तबकड्या १.६ च्या, कडा वळवलेल्या. तांबं मंद लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं, लाकडी ठोकळ्यावर ठोकून कड वळते, ठोकता ठोकता ते पुन्हा कडक होतं, पुन्हा तापवायचं. घाई केली की कड चिरते. २ किलो दाबाला (दर चौरस सेंटिमीटरला २ किलो) अशा तबकडीवर जवळपास ३९ किलोचा रेटा असतो, म्हणून दोन्ही तबकड्यांना जोडणारी मधली सळई हवीच, नकाशात ती दिसो न दिसो. आणि ते ‘एस. सोल्डर’: ‘एस’ म्हणजे सॉफ्ट की सिल्व्हर? सरांचं उत्तर वाफेच्या तक्त्यातून यायचं. २ किलो दाबाला वाफ १३३ अंशांच्या आसपास असते आणि कथलाची झाळ १८३ ला वितळू लागते, म्हणजे पाणी आहे तोवर ठीक. पाणी संपलं की नळीचं तापमान कुठेही जातं आणि सांधा सुटतो. चांदीची झाळ सहाशे अंशांच्या पुढची. संशय असेल तर चांदीच. बॉयलरवरचे बुश, म्हणजे जोडण्या बसवायच्या आटेवाल्या कड्या, त्याही पितळेच्या नकोत, कारण गरम पाणी पितळेतलं जस्त हळूहळू खातं आणि आटे भुसभुशीत होतात, गनमेटलच्याच हव्यात.

आता त्या खोलीत संगणक कक्ष आहे. खडूच्या भुकटीची जागा एसीने घेतली, याचं कौतुक समितीने करावं. मला करवत नाही. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, माझा व्हॉल्व्हचा छोटा कारखाना आहे. तिथे पदवी घेतलेली मुलं येतात, हुशार असतात, पण ड्रॉइंगवर एक माप राहिलं की हातातलं काम टाकून ते पाठवणाऱ्याला फोन लावतात. त्या मापाची जात कुठली, हे विचारलेलं त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. सरांच्या हाताखालची पोरं कलाभवन या बडोद्याच्या तंत्रशाळेत पहिल्या दिवशी लेथपाशी उभी राहिली तर तिथल्या कारागिरांना ती नवखी वाटत नसत. दुसरे शिक्षकही चांगले होते, असं लिहिण्याची रीत आहे. असतील.

महोत्सवात हे इंजिन फिरवायचं घाटतं आहे असं कळलं, म्हणून शेवटचं थोडं कामाचं. बॉयलर इतकी वर्षं पडून आहे. तपासल्याशिवाय त्याखाली दिवा लावू नका. तपासणी थंड पाण्याने: काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, हातपंपाने ४ किलो दाब चढवून गेजचा काटा जागेवर राहतो का ते पाहायचं. आत हवा असेल तर सांधा सुटताना स्फोट होतो. नुसतं पाणी असेल तर फक्त गळतं. सेफ्टी व्हॉल्व्हचं भोक ३ मिलिमीटरचं आहे, २ किलोला गोळी उचलायची तर स्प्रिंगचा जोर १४० ग्रॅमच्या आसपास हवा. तराजूवर पाहता येतं. बॉयलरमध्ये पाणी २०० मिलिलिटर, दिव्यात स्पिरिट ४० पेक्षा जास्त नको, म्हणजे पाण्याआधी स्पिरिट संपतं. आपल्याकडे गुजरातेत स्पिरिट परवान्याशिवाय मिळत नाही, तेव्हा प्रयोगशाळेतून आधीच मागून ठेवा. दिवा सावलीत लावा, भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही.

यातलं काही जमलं नाही तर बॉयलर सोडून द्या आणि सायकलचा पंप आणा. पिस्टनचा दोरा बदला, तेल स्टीम सिलिंडरचं घट्ट घाला, मोटारीचं नको. एकाच बाजूने वाफ घेणारं इंजिन मृतबिंदूवर आपणहून सुटत नाही, फ्लायव्हीलला बोटाने ढकलावं लागेल. पंपाची नळी कुठल्या पोर्टला लावायची यावरून समितीत भांडू नका. चुकीच्या पोर्टला लागली तर इंजिन उलटं फिरेल, एवढंच.